दादा, त्या एका चिठ्ठीसाठी थँक्यू

दादा, त्या रात्री निघताना तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही, घसा दाटून आला होता, नुसती मान हलवली. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

महापेच्या ऑफिसात संध्याकाळी मी आमच्या लॅब रिपोर्टवाल्या ॲपचं नवीन व्हर्जन क्लस्टरवर, म्हणजे ॲप चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या सर्व्हरवर टाकलं, हेल्म (ॲप तिथे बसवणारं टूल) म्हणालं डिप्लॉयड, आणि पॉड, म्हणजे तिथे चालणारी ॲपची प्रत, मात्र उठतोय पडतोय, उठतोय पडतोय. क्रॅशलूपबॅकऑफ, म्हणजे सारखा पडतोय म्हणून परत उठवायच्या आधी थांबतोय. ठाण्यातून, वाशीतून लॅबवाल्यांचे फोन, तिकडे पेशंट रिपोर्टसाठी खोळंबलेले. ज्यांनी हेल्मचा चार्ट, म्हणजे ॲप कसं बसवायचं त्या सेटिंगच्या फायली, बनवून दिला आणि त्याचे पैसे घेतले ते म्हणाले, आमच्या बाजूने सगळं ग्रीन आहे. आमचे सिनियर म्हणाले लॉग, म्हणजे ॲपने लिहिलेल्या नोंदी, वाच, आणि फोन ठेवला. अहो लॉग वाचून वाचूनच रडकुंडीला आले होते, त्यात एररच नव्हती! घाबरून तीच कमांड परत मारली, परत तेच.

तुमची टीम वेगळी, तुमचा काडीचा संबंध नाही, बॅग खांद्याला लावून घणसोली स्टेशनची रिक्षा पकडायला निघाला होतात. माझ्याकडे बघितलंत आणि खुर्ची ओढून बसलात. पहिला प्रश्न, 'डेटाबेसमध्ये काही बदललंय का गं?' कारण हेल्मने ॲप जुन्या व्हर्जनवर मागे नेलं तरी डेटाबेस मागे जात नाही. मी नाही म्हटलं. मग हेल्मची हिस्टरी, म्हणजे आतापर्यंतच्या डिप्लॉयची नंबरवार यादी, बघितलीत, माझ्या डायरीचं पान फाडलंत आणि मोठ्या अक्षरात लिहिलंत, '११. हे चालत होतं. इथे परत येता येतं.' आणि ते पान कीबोर्डच्या वर ठेवलंत. अजून एक कमांडही मारली नव्हती दादा, पण माझ्या हाताची थरथर तिथेच थांबली. तीन तासात कोणीही मला परत यायला वाट आहे असं सांगितलं नव्हतं, सगळे फक्त कोणाची चूक ते विचारत होते.

रोलबॅक, म्हणजे ११ वर परत जायची कमांड, मलाच मारायला लावलात. हिस्टरीत ११ च्या ऐवजी १४ दिसला तेव्हा परत धस्स झालं, तर म्हणालात, 'अगं, हे मागचं पान फाडत नाही, तेच पुढच्या पानावर परत लिहितं.' लॅबचे फोन बंद झाले.

मग टेस्टच्या वेगळ्या सेटअपवर मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बघितलं. नवीन व्हर्जनला उठायला दीड मिनिट, आणि लाइव्हनेस प्रोब (ॲप जिवंत आहे का ते तपासणारा) दर १० सेकंदांनी विचारणार, तीनदा उत्तर नाही आलं की कंटेनर, म्हणजे पॉडमध्ये चालणारं ॲप, मारून परत उठवायला लावणार. म्हणजे अर्ध्या मिनिटात खेळ खल्लास! वर रेडीनेस प्रोब (ॲप काम घ्यायला तयार आहे का ते बघणारा) चार्टमध्ये नव्हताच, म्हणून नवीन पॉड तयारच आहे असं धरून चांगला चालणारा जुना पॉडही काढून टाकला गेला. स्टार्टअप प्रोब (ॲप उठेपर्यंत लाइव्हनेसला थांबवून ठेवणारा) टाकला, उठायला ५ मिनिटांची मुभा दिली, झालं. हे त्या ग्रीनवाल्यांना दिसू नये?

हुशार माणसं या आयटी पार्कात ढिगाने आहेत. पण दुसऱ्याची पोर अडकलीय म्हणून स्वतःची ठाण्याची गाडी सोडणारं, आणि सकाळी मीटिंगमध्ये 'तिनेच सोडवलं' एवढंच सांगून गप्प बसणारं माणूस मी पाच वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा बघितलं. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

ते पान मॉनिटरला चिकटवलंय. आईला सगळं सांगितलंय, ती म्हणते वहिनींना घेऊन रविवारी कळव्याला जेवायला याच, आणि नाही म्हणायचं नाही.