ताई, ते तिकीट तुम्ही उघडलंत म्हणून

ताई, नमस्कार.

पत्र उघडंच लिहितोय. साहेबांनी माझं नाव घेतलं आणि तुम्ही माझी बाजू दाखवलीत, त्या ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तुमचे आभार मानायला हवे होते, तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही.

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावात गेमच्या कंपनीत आहे म्हटलं की लोक विचारायचे, "म्हणजे दिवसभर खेळतं काय बे?" टेस्टर म्हणजे गेममधल्या चुका शोधणारा, हे समजावणं मी सोडूनच दिलं होतं. आपण सुरू केला तो गेम जंगलातल्या वाटाड्याचा होता. मग वरचे साहेब बदलले आणि दर तिमाहीला त्यांना नवा साक्षात्कार होऊ लागला. आधी शंभर जणांची मारामारी, मग नाणी, शेवटी पैशांची रमी. वाटाड्या फोल्डरात पडून राहिला. साहेबांनी तो एकदा तरी खेळून पाहिला असेल का, शंकाच आहे.

रमीत माझ्या गावाचा मात्र उपयोग झाला. इथे लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही मान टाकतो. पुण्याच्या ऑफिसात नेट जात नाही, म्हणून तिथे न दिसलेली चूक मला रोज दिसायची: डावात नेट जाऊन परत आलं की प्रवेश फी दोनदा कापली जायची. मी व्हिडिओ काढून तिकीट टाकलं, म्हणजे चुकीची नोंद केली, प्राधान्य पी-वन, सगळ्यात तातडीचं. पण 2025 ची आयपीएल 22 मार्चला सुरू होणार होती आणि गेम त्याआधी बाजारात हवा होता. तिकीट गुपचूप पी-थ्री झालं, म्हणजे मागे पडलं.

लोकांचे पैसे कापले गेले, तक्रारींचा पाऊस पडला. साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन विचारलं, "टेस्टिंगवाले झोपले होते का?" तुम्ही वाद घातला नाहीत. स्क्रीन शेअर करून तिकीट उघडलंत, व्हिडिओ लावलात. त्या व्हिडिओत मागे आमच्या शेजारची पिठाची चक्की घरघरत होती. मग खाली सरकवून तिकिटाचा इतिहास दाखवलात: तारीख, वेळ आणि प्राधान्य खाली आणणाऱ्याचं नाव. साहेब म्हणाले, "हे आपण नंतर बोलू." चक्की चालूच. व्हिडिओ तुम्ही मुद्दाम बंद केला नाहीत की विसरलात, हे आजवर विचारलं नाही. तुमची बढती त्यानंतर अडली, हेही मला फार उशिरा कळलं.

21 ऑगस्ट, पोळ्याची आदली संध्याकाळ. बाबा बैलांचे खांदे शेकत म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." तेवढ्यात मला मीटिंगचं आवतन आलं. त्याच दिवशी ऑनलाइन गेमिंगचं विधेयक राज्यसभेत मंजूर झालं होतं. पोळ्याच्या दिवशी राष्ट्रपतींची सही झाली. पैशांचे खेळ बंद. खरं सांगू? कायद्याचा राग आला नाही. आमच्या पारावरच्या दोन पोट्ट्यांनी सोयाबीनचे पैसे अशाच रमीत घालवले होते, आणि मी रमी नीट चालते का ते तपासून पगार घेत होतो. राग आला तो दुसरं काही शिल्लकच न ठेवणाऱ्यांचा.

नोकऱ्या गेल्या. एचआर म्हणाले, राजीनामा टाका, अनुभवपत्र लवकर मिळेल. मी टाइप करून ठेवला होता. तेव्हा तुमचा फोन आला. "पाठवला नाहीस ना? ऑफर लेटर काढ. नोटीसचं कलम मोठ्याने वाच." गोठ्यासमोर उभा राहून वाचलं. कंपनीने काढलं तर दोन महिन्यांचा पगार, आपण होऊन सोडलं तर छदामही नाही. तुमचीही नोकरी त्याच दिवशी गेली होती, ताई. असे किती फोन केलेत तुम्ही?

राजीनामा नाही पाठवला. पैसे उशिरा आले, पण आले. कापूस वेचणीची मजुरी त्यातूनच दिली. सध्या तुम्ही नाव सुचवलंत तिथेच तासावर टेस्टिंग करतो.

तुरीच्या शेंगा भरल्या आहेत. यवतमाळहून आर्णीची एसटी धरा, फाट्यावर मी गाडी घेऊन येतो. चक्कीवाले काका भेटले की विचारतात, "त्या पुण्याच्या मॅडमनं आपली चक्की साहेबाले आयकवली, खरं काय?"