नोंद झाली म्हणजे भाषा वाचली का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कॅनडा आणि अलास्कातील आदिवासींच्या डेने भाषांच्या अभ्यासाविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख माहितीपूर्ण होता. मात्र शब्दकोश, ध्वनिमुद्रणे आणि मोबाइल अ‍ॅप तयार झाले की भाषा वाचली, असा जो त्याचा एकंदर सूर होता, तो मला पटला नाही. खुद्द या भाषांचा इतिहासच त्याविरुद्ध साक्ष देतो.

डेने भाषांची जवळची नातलग असलेल्या अलास्कातील इयाक भाषेचेच पाहा. मायकेल क्राउस या भाषावैज्ञानिकाने 1960 च्या दशकापासून तिचे शब्द, व्याकरण आणि कथा मोठ्या चिकाटीने नोंदवल्या. तरीही 2008 मध्ये मेरी स्मिथ जोन्स यांचे निधन झाले आणि इयाक मातृभाषा असलेले कोणीही उरले नाही. क्राउस यांचे श्रम वाया गेले, असे मी म्हणणार नाही, कारण याच साहित्याच्या आधारे एका फ्रेंच तरुणाने पुढे ती भाषा आत्मसात केली आणि इयाक वंशजांच्या शिकवणीला हातभारही लावला. पण बोलणारी घरे मात्र त्या नोंदींमुळे टिकली नाहीत.

ती घरे मोडली कशी, याचा उल्लेख लेखात जेमतेम एका ओळीत होता. कॅनडातील निवासी शाळांत सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवण्यात आले आणि मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. हा प्रकार 1990 च्या दशकापर्यंत चालला. त्या शाळांतून परतलेल्या आईवडिलांपैकी अनेकांनी आपली भाषा मुलांपर्यंत पोहोचू दिली नाही, आणि त्यामागचे भय समजण्यासारखे आहे.

शिवाय डेने भाषांची घडण अशी आहे की शब्द पाठ करून त्या येत नाहीत. एखादी वस्तू उचलणे किंवा देणे सांगताना ती गोल आहे, दोरीसारखी लवचीक आहे, कापडासारखी पातळ आहे की भांड्यात भरलेली आहे, यानुसार क्रियापदाचा धातूच बदलतो, आणि त्यापूर्वी कर्ता, कर्म व क्रियेची अवस्था दर्शवणारे उपसर्ग ठरावीक क्रमाने रचावे लागतात. हे मासे सुकवताना, कातडे कमावताना, जाळे ओढताना कानावर पडत गेले तरच अंगवळणी पडते. नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशात एक जाणता वडीलधारा आणि एक शिकाऊ अशा जोड्या जुळवून नित्याची कामे त्याच भाषेत करण्याची जी योजना आहे, ती मला कोणत्याही अ‍ॅपपेक्षा शहाणपणाची वाटते.

पन्नास हजारांहून कमी वस्तीच्या या प्रदेशात अकरा अधिकृत भाषा आहेत आणि त्यांत त्लिचो, ग्विचिन, चिपेवायन, उत्तर व दक्षिण स्लेव्ही या पाच डेने भाषा येतात. तरीही तिथल्या एका आईने मुलीच्या चिपेवायन नावातील, श्वास क्षणभर अडवून उच्चारायच्या ध्वनीचे चिन्ह जन्मदाखल्यावर मागितले, तेव्हा अक्षर रोमन नाही म्हणून नोंदणी कार्यालयाने नकार दिला. ही अलीकडची, 2014-15 ची गोष्ट. कायद्यातला दर्जा कार्यालयाच्या खिडकीपर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

याउलट 1970 च्या दशकात याच प्रदेशातील मॅकेन्झी खोऱ्यातून नैसर्गिक वायूची वाहिनी नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा चौकशीसाठी नेमलेले न्यायाधीश थॉमस बर्जर गावोगावी गेले, लोकांच्या साक्षी त्यांच्याच भाषेत दुभाष्यांमार्फत ऐकल्या, आणि सुनावणीचे वृत्तान्त रेडिओवरून डेने भाषांतही प्रसारित झाले. जमिनीच्या हक्कांचा प्रश्न सुटेपर्यंत दहा वर्षे वाहिनी टाकू नये, असा अहवाल बर्जर यांनी 1977 मध्ये दिला. ही काही भाषेच्या जतनाची योजना नव्हती. पण म्हाताऱ्यांचे बोलणे राजधानीला ऐकावे लागले. पुढे गावांना डेने नावे परत मिळाली, फोर्ट फ्रँकलिनचे डेलिने झाले, फोर्ट नॉर्मनचे तुलिता झाले, आणि 2005 पासून त्लिचो लोकांचे स्वतःचे शासन आहे. याच भाषाकुळातली भाषा बोलणाऱ्या अमेरिकेतील नावाहो लोकांनी तर 1966 मध्येच रफ रॉक येथे स्वतः चालवलेली, नावाहो शिकवणारी शाळा काढली होती. दीड लाखांवर भाषक असूनही तिथली मुले आज इंग्रजीकडे वळत आहेत, हेही खरे. शाळा एकटी काय काय करणार?

संयुक्त राष्ट्रांचे आदिवासी भाषांचे दशक 2022 पासून सुरू आहे आणि ते आपल्यालाही लागू आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर शिक्षण खात्याने ती विनापरवाना ठरवली. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची जनगणनेत स्वतंत्र आकडेवारी छापली जात नाही, त्यामुळे बुलढाण्याकडची निहाली भाषा कागदावर दिसतच नाही. डेने भाषांवर आपण पानभर मजकूर दिलात, याबद्दल आभार. आता आपला वार्ताहर मोहगावलाही पाठवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, चंद्रपूर