प्लग कुठे हवा, हे स्वयंपाक करणाऱ्याला विचारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डोंबिवलीतील आमची चार मजली, लिफ्ट नसलेली इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. करारापूर्वी सभासदांना अंदाज यावा म्हणून विकासकाने गेल्या महिन्यात आपल्या दुसऱ्या एका प्रकल्पातील नमुना सदनिका आम्हाला दाखवली. सर्वांत जास्त गर्दी अर्थातच स्वयंपाकघरात होती. तिथे ग्रॅनाइटचा ओटा होता, आवाज न करता मिटणाऱ्या ट्रॉल्या होत्या, चिमणी होती आणि एका उंच कपाटाच्या खणात बसवलेला मायक्रोवेव्ह होता. माझ्या ८२ वर्षांच्या सासूबाईंनी त्याचे दार उघडून पाहायचे ठरवले, तेव्हा त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. त्यांची उंची ४ फूट ९ इंच आहे आणि दोन्ही हातांच्या बोटांना संधिवात आहे. हा खाली घेता येईल का, असे मी माहिती देणाऱ्या तरुणाला विचारले. तो अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, पॉइंट तिथेच काढलाय.” त्या उत्तरामुळे मी हे पत्र लिहीत आहे.

विजेचे कोणतेही उपकरण शेवटी जिथे प्लग असेल तिथेच जाऊन बसते. फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाण्याचा प्युरिफायर यांच्या जागा आपण निवडतो असे आपल्याला वाटते, पण त्या जागा भिंतीला प्लास्टर होण्याआधीच ठरलेल्या असतात आणि त्या वेळी स्वयंपाक करणारी व्यक्ती तिथे हजर नसते. मोठ्या उपकरणांच्या बाबतीत तर निवडीला वावच राहत नाही. २००० वॅटची इंडक्शन शेगडी साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर चालवता येत नाही, कारण २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे जेमतेम १३८० वॅट होतात. तिला १६ अँपिअरचा प्लग लागतो, आणि असे प्लग आमच्या सध्याच्या स्वयंपाकघरात दोनच आहेत. एक फ्रिजच्या पाठीमागे आणि दुसरा फ्रिजच्या डोक्यावर.

त्या डोक्यावरच्या प्लगमुळे आमचा मायक्रोवेव्ह कित्येक वर्षे फ्रिजवर होता. सासूबाईंना पहाटे पाचला स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायची सवय आहे, आणि ती त्यांनी सोडावी असे घरात कोणालाही वाटत नाही. एका पहाटे दूध गरम करून कप खाली उतरवताना त्यांची बोटे सुटली आणि दूध हातावर कोपरापर्यंत सांडले. तीन आठवडे ड्रेसिंग चालले. त्यानंतर आम्ही इलेक्ट्रिशियनला बोलावून केसिंग पट्टीतून नवी वायर ओढून घेतली, जमिनीपासून तीन फुटांवर १६ अँपिअरचा प्लग बसवला आणि मायक्रोवेव्ह एका भक्कम टेबलावर, त्यांच्या कमरेच्या थोडा वर येईल असा ठेवला. बहुतेक मायक्रोवेव्हचे दार डावीकडे उघडते, म्हणून उजव्या बाजूला हातभर मोकळी जागा सोडली, म्हणजे गरम भांडे बाहेर काढल्याबरोबर तिथे टेकवता येते. एवढे साधे काम अपघात होईपर्यंत आम्हाला सुचले नाही, याची खंत मला आजही वाटते.

ओट्याच्या उंचीचेही असेच आहे. आपल्याकडे ओटा साधारण ३२ ते ३४ इंचांचा बांधतात आणि सगळ्यांसाठी तेवढाच बांधतात. चिरण्या-निवडण्याचे काम उभ्याने करायचे असेल तर ओटा आपल्या कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा, हा सोपा नियम आहे. उभे राहून हात कोपरात काटकोनात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजायचे. मी मोजले तेव्हा माझे कोपर ४१ इंचांवर आले आणि सासूबाईंचे ३६ इंचांवर. म्हणजे मला ३५ ते ३७ इंचांचा ओटा सोयीचा आणि त्यांना ३० ते ३२ इंचांचा. आमच्या ३३ इंची ओट्यावर माझी पाठ वाकते आणि त्यांचे खांदे उचलले जातात. त्यातही ही फक्त चिरण्याची गोष्ट झाली. पोळ्या लाटताना खांद्यापासून जोर द्यावा लागतो, त्यामुळे पोळपाट आणखी खाली हवा. शेगडीची उंची ओट्याच्या वर चार-पाच इंच जाते, तिच्यावर कढई चढते आणि झारा धरलेला हात त्याच्याही वर राहतो, म्हणून शेगडीखालचा ओटा खरे तर चिरण्याच्या ओट्यापेक्षा खाली असायला हवा. ग्रॅनाइट कापण्यापूर्वी सांगितले, तर शेगडीपुरता तीन फुटांचा भाग चार इंच उतरवून घेणे गवंड्याला मुळीच कठीण नाही. एकदा दगड बसल्यावर मात्र तो विषय पुढची तीस वर्षे संपतो.

मिक्सरचा विचार तर कोणीच करत नाही. भांड्यासकट मिक्सर सहज दीड फुटाच्या जवळ जातो. तो ३३ इंचांच्या ओट्यावर ठेवला की त्याचे झाकण ५० इंचांवर येते, आणि वाटण वाटताना ते झाकण तर वरून दाबून धरावे लागते. पावणेपाच फुटांच्या बाईच्या गळ्याशी ते झाकण येते. मग पाट किंवा स्टूल पायाखाली घेतले जाते, आणि ओल्या फरशीवर पाटावर उभ्या असलेल्या वृद्ध बाईच्या हाताखाली फिरते पाते असते. त्यापेक्षा मिक्सरला जमिनीपासून दोन-सव्वादोन फूट उंचीची स्वतंत्र फळी किंवा टेबल द्यावे आणि प्लग त्याच्या बाजूच्या भिंतीवर हाताशी घ्यावा. मिक्सर ट्रॉलीत ठेवून रोज उचलून वर आणणे दिसायला नीटनेटके वाटते, पण ज्यांची मनगटे दुखतात त्यांच्यासाठी ते शिक्षेसारखे आहे.

स्विचबोर्डांबद्दल मला जास्त कळकळीने सांगायचे आहे. आपल्याकडे ते ओट्यामागच्या भिंतीवर, बहुधा शेगडीच्या जवळच असतात. दोन फूट रुंद ओट्यावरून, पेटत्या बर्नरवरून हात नेऊन चिमणीचे किंवा मिक्सरचे बटण दाबताना पदर, ओढणी, गाऊनची बाही नेमकी ज्योतीवरून जाते. हेच स्विच बाजूच्या भिंतीवर, ओट्याच्या पुढच्या कडेजवळ आणि सिंकपासून दूर घेतले, तर उभ्या माणसाला, बसलेल्या माणसाला आणि हात पूर्ण वर न जाणाऱ्या माणसालाही ते पोहोचतात. गॅसचेही तसेच आहे. १४.२ किलो गॅस असलेले घरगुती सिलिंडर रिकाम्या टाकीचे वजन धरून तीस किलोच्या आसपास भरते, आणि ओट्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाकून रोज रात्री रेग्युलेटर बंद करणे गुडघे बदललेल्या माणसाला जमत नाही, म्हणून ते बंद केलेच जात नाही. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावरच असली पाहिजे आणि सिलिंडरच्या कप्प्याला हवा खेळती हवी, हे नियम मोडायचे नाहीत. पण तो कप्पा कोपऱ्यात न ठेवता पुढे, न वाकता हात जाईल असा ठेवता येतो. ज्यांच्याकडे पाइपगॅस येणार आहे, त्यांनी कॉक कुठे बसवणार हे जोडणीच्या दिवशी नव्हे, त्याच्या आधी विचारावे.

फ्रिज घेताना आपण लिटर आणि तारे पाहतो. माझे मत असे की घरात गुडघेदुखी असेल तर आधी भाजीचा कप्पा कुठे आहे ते पाहावे. नेहमीच्या फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा वर, डोळ्यांसमोर असतो आणि रोज लागणारी भाजी सर्वांत खाली. फ्रीझर खाली असलेले मॉडेल घेतले की दूध, दही, भाजी कमरेच्या वर येते, आणि वाकावे लागते ते फक्त बर्फ आणि मटारांसाठी. दार कोणत्या बाजूला उघडते हेही पाहायला हवे, कारण ते ओट्याच्या बाजूने अडवणारे असेल तर दर वेळी पातेले हातात घेऊन दाराला वळसा घालावा लागतो; काही मॉडेलमध्ये दार उलट्या बाजूला बसवून मिळते. पाण्याचा प्युरिफायर भिंतीवर इतकाच उंच असावा की तांब्या ओट्यावर टेकवून भरता येईल.

आता बाजारात जवळजवळ प्रत्येक उपकरणाला गुळगुळीत काचेचे टच पॅनेल येऊ लागले आहे. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. मुलाने त्यांना हौसेने इंडक्शन आणून दिले. ज्योत नाही, भांडे उचलले की तापणे थांबते, या दृष्टीने निवड चांगली होती, परंतु बोटांना काहीच लागत नसल्यामुळे चालू कुठे, कमी-जास्त कुठे, हेच त्यांना कळेना. शेवटी त्यांनी स्वतःच उपाय काढला: एक मोठी खड्याची टिकली चालू-बंदच्या खुणेशेजारी आणि एक लहान टिकली उष्णता कमी करण्याच्या खुणेशेजारी चिकटवली. आता त्या दोन वेळचा वरणभात स्वतः करतात. ज्यांना दिसण्याची किंवा बोटांची अडचण आहे, त्यांनी दुकानात डोळे मिटून उपकरण चालवून पाहावे आणि शक्य तिथे कट्-कट् आवाज करत फिरणारी बटणे असलेले मॉडेल घ्यावे, ते जुन्या धाटणीचे दिसले तरी. (हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी इंडक्शन घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.)

व्हीलचेअर वापरणाऱ्यांची अडचण याहून मूलभूत आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार जेवणाची वेगळी जागा असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचे आणि १.८ मीटर रुंद असावे लागते. त्यात ६० सेंटिमीटरचा ओटा एका बाजूला आला की उरतात १.२ मीटर, आणि समोर दुसरा ओटा केला तर ६० सेंटिमीटर. व्हीलचेअर वळवायला सुमारे दीड मीटर लागतात. म्हणजे किमान मापाचे स्वयंपाकघर आणि गच्च भरलेल्या ट्रॉल्या असा मेळ झाला, की अशी व्यक्ती स्वतःच्या घरात चहा करू शकत नाही. यावर उपाय आहे. ओट्याखालचा तीन फुटांचा भाग ट्रॉल्यांशिवाय मोकळा सोडला, तिथे ओट्याची वरची पातळी ३० इंचांच्या आसपास ठेवली आणि गुडघ्यांसाठी खाली २७ इंच उंची राखली, तर खुर्ची आत जाते आणि वळण्यालाही तीच जागा उपयोगी पडते. उभे राहून दमणाऱ्या कोणालाही तिथे स्टूल घेऊन बसता येईल. आपल्या आज्या पाटावर बसूनच स्वयंपाक करत होत्या. ओटा आल्यावर बसून काम करणे जणू आळसात जमा झाले, हे मला कधीच पटलेले नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ पासून आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशींच्या रूपात ठेवणे त्या कायद्याशी विसंगत ठरवून ते बंधनकारक करण्यास सांगितले आहे. परंतु त्या चर्चेत प्रामुख्याने रॅम्प, लिफ्ट, स्थानके आणि सार्वजनिक इमारती येतात. सदनिकेच्या आतला ओटा येत नाही. म्हणून तो करारातच आणावा लागेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खालील ४ जुलै २०१९ च्या शासन आदेशाने पुनर्विकासाची कार्यपद्धती घालून दिली आहे आणि महत्त्वाचे निर्णय सभासदांच्या सर्वसाधारण सभेत व्हावेत, अशी तिची रचना आहे. विकसन कराराला जी सुविधांची यादी जोडलेली असते, तिच्यात ‘ग्रॅनाइट ओटा, स्टील सिंक, भिंतीला टाइल्स’ असे लिहून विषय संपतो. त्याच यादीत एक वाक्य वाढवावे, अशी माझी सूचना आहे: प्रत्येक सभासदाकडून वायरिंगपूर्वी लेखी माप घेतले जाईल आणि ओट्याची उंची, मोकळा भाग, स्विच व १६ अँपिअरच्या प्लगच्या जागा त्यानुसार ठेवल्या जातील. काम चालू असताना प्लग दोन फूट खाली घेण्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. नंतर टाइल्स फोडून तेच करायचे म्हटले की निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस ते करत नाही, तो टाचा उचलत राहतो.

आमच्या येत्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. ज्या संस्थांनी पुनर्विकासात असे काही करून घेतले असेल, त्यांनी आपला अनुभव, आणि विशेषतः करारात नेमके कोणते शब्द घातले ते, कृपया या स्तंभातून कळवावे. आमच्या करारावर अजून सह्या झालेल्या नाहीत.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)