आई-बाबांना, अठरा दिवसांबद्दल

१ फेब्रुवारी २०२६
मिसिसागा

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हे जमत नाही. आई रडायला लागते, मग मी विषय बदलते, आणि बाबा फोन गुपचूप दादाच्या हातात देतात. म्हणून लिहितेय. दादाला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे, आणि तू वाचून दाखवू नकोस, त्यांचं त्यांना वाचू दे.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी येत नाहीये. १७ तारखेलाही नाही आणि मार्चमध्येही नाही. तिकीट महाग झालंय, नवीन नोकरीत रजा मिळत नाही वगैरे मी जे सांगत होते ते खोटं होतं. तिकीट परवडलं असतं, आणि रजेचं तर बॉसनेच आपणहून विचारलं होतं. खरं कारण वेगळंच आहे आणि ते इतकं रुक्ष आहे की सांगायची लाज वाटत होती.

बाबा, हिशोब तुम्हालाच सांगते, आईला तुम्ही समजवा. हे पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, नावालाच परमनंट. कुठल्याही पाच वर्षांत ७३० दिवस प्रत्यक्ष इथे असावं लागतं. मी १४ ऑगस्ट २०२१ ला उतरले आणि ९ डिसेंबर २०२२ ला, दादाचा फोन आला त्याच रात्री निघाले. ते झाले ४८३ दिवस. नंतर परत आले ती २२ नोव्हेंबर २०२५ ला. माझी पहिली पाच वर्षं येत्या १३ ऑगस्टला पुरी होतात. तोवर एकही दिवस कुठे गेले नाही तर होतात ७४८. म्हणजे वर शिल्लक अठरा.

बाबा, तुम्ही दिलेल्या लांब वहीतच लिहून ठेवते हे सगळं. गेले, आले, दिवस, शेरा, असे चार रकाने, पट्टी लावून आखलेत, तुमच्या हजेरीच्या कॅटलॉगसारखे. महिनाअखेरीला तुम्ही जेवणाच्या टेबलावर कॅटलॉग उघडून बसायचात आणि मी समोर बसून उभ्या बेरजा करायचे, आठवतं? आडवी आणि उभी जुळली नाही की तुम्ही नुसतं 'हं' म्हणायचात आणि मी परत पहिल्यापासून. वहीत तुमच्या आजारपणाची एकच ओळ आहे, १०७८ दिवस. शेऱ्याचा रकाना कोराच ठेवलाय, काय लिहायचं ते सुचलं नाही.

त्या ओळीचं मला जराही वाईट वाटत नाही हे मात्र नीट ऐका. आई, तू परवा म्हणालीस ना, आमच्यामुळे तुझं तिकडचं सगळं अडलं, तसं परत म्हणायचं नाही. तीन आठवड्यांसाठी आले आणि तीन वर्षं राहिले ते माझं मी ठरवून राहिले. बाबांनी डाव्या हाताने कॅलेंडरवर माझ्या परतीची तारीख लिहिली, तो वाकडातिकडा २२ मी फोटो काढून घेऊन आलेय.

तरी एक चूक माझी झाली, ती कबूल करते. मला वाटत होतं की कंपनी कॅनडाचीच आहे आणि मी घरून तिचंच काम करतेय तर ते दिवस धरतील. पण नाही धरत. कंपनीने तुम्हाला कामासाठी बाहेर पाठवलेलं असावं लागतं, आपण आपल्या कारणाने गेलो आणि तिथून लॅपटॉप उघडला तर ते दिवस गैरहजेरीचेच. हे आधी नीट वाचलं असतं तर मध्ये एखादी फेरी मारून दिवस भरले असते. असो.

आता तुम्ही म्हणाल अठरा दिवस आहेत ना, मग ये की पंधरा दिवस. इथेच तर सगळं अडतंय. मी फोनवर म्हणाले होते ना की जुलैनंतर मी मोकळी, तेही खरं नाही, पण तेव्हा मला तसंच वाटत होतं. परवा रात्री वही घेऊन बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती पाच वर्षं रोज एकेक दिवसाने पुढे सरकत जातात. ऑगस्टनंतर मला रोज एक नवा दिवस मिळणार पण २०२१ मधला एक जुना गळणार, आणि तो जुनाही हजेरीचाच. म्हणजे शिल्लक जागच्या जागी, अठरा ते अठराच, आणि हे असं ९ डिसेंबर २०२७ पर्यंत. त्यानंतर मी घरी होते ते दिवस गळायला लागतील, तेव्हा कुठे शिल्लक वाढेल. त्यात कार्डही या वर्षाच्या शेवटी संपतंय. कार्ड संपलं म्हणजे पीआर गेलं असं नसतं, पण बाहेरून इकडच्या विमानात बसायला ते लागतं, नाहीतर वेगळा कागद काढावा लागतो आणि तो देतानाही परत दिवस मोजतात.

तर पुढची जवळजवळ दोन वर्षं माझ्याकडे सगळे मिळून अठरा दिवस आहेत. जायचा आणि यायचा दिवस इथलाच धरतात, म्हणजे ओढूनताणून वीस. आई, तू डाळीच्या डब्याखाली पाचशेची नोट ठेवायचीस आणि किराणा संपला तरी तिला हात लावायची नाहीस, तसे ते ठेवलेत. कशासाठी ठेवलेत ते मी लिहीत नाही आणि तुम्हीही विचारू नका. गुडघ्याचं ऑपरेशन ठरवून होतंय, डॉक्टर चांगले आहेत, दादा-वहिनी आहेत. म्हणून आत्ता नाही.

घरच्या आजारपणाचं कारण सांगून दिवस कमी असले तरी माफ होऊ शकतात, तशी सोय कायद्यात आहे. पण ते समोरच्या ऑफिसरने मानायचं. नोव्हेंबरमध्ये टोरंटोच्या विमानतळावर मला विचारलं, किती दिवस बाहेर होतात, आणि मी १०७८ म्हटल्यावर त्या बाईंनी मान वर करून बघितलं. दिवस अजून भरता येण्यासारखे होते म्हणून सोडलं, नीट बोलल्याही, पण माझे पाय थरथरत होते. परत तसं उभं राहायचं नाहीये मला.

आणि 'सोडून दे ते कार्ड, काय सोनं लागलंय त्याला' हे आईचं वाक्य मला पाठ झालंय. सोनं नाही लागलेलं. पण पीआर गुणांवर मिळतं, अर्ज केला तेव्हा मी ३३ ची होते आणि वयाचे ८८ गुण मिळाले होते, आज ३९ व्या वर्षी ५५ मिळतात, म्हणजे एकदा गेलं तर परत मिळेल असं धरून चालता येत नाही. शिवाय सुपर व्हिसावर आई-वडिलांना बोलवायचं तर मुलगी इथली पीआर किंवा नागरिक असावी लागते. त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. माझं उत्पन्न ठरावीक आकड्याच्या वर दिसायला हवं, तुमची मेडिकल आणि निदान एक लाख डॉलरचा वर्षभराचा विमा, तो बाबांच्या तब्येतीला महाग पडेल, ते मी बघते. तुम्ही येणार नाही म्हणालात तरी मी तयारी करणार आहे. नाही आलात तर नाही आलात.

माझी काळजी करू नका. बेसमेंटची खोली आहे पण हीटर चांगला चालतो, खिडकीतून लोकांचे बूट दिसतात आणि सध्या नुसता बर्फ. वरच्या काकू भाजी करतात तेव्हा फोडणीचा वास खाली येतो. वरणभात रोज करते, तूप घालून. जाड कोट घेतलाय. आई, तुझी जुनी शाल रात्री पांघरुणाच्या आत घेते, वास गेला नाहीये अजून.

आता ऐका. आई, ऑपरेशननंतर बाबांना उठवायला तू हात लावायचा नाहीस. मावशींना दोन महिने दिवसरात्र ठेवायचं, पैसे मी पाठवलेत, 'कशाला उगीच' म्हणून त्यांना परत पाठवायचं नाही. संडासात दांडा बसवायला दादाला सांगितलंय, उंच सीटही. व्यायाम दुखला तरी करायचा, नाहीतर गुडघा वाकत नाही मग. बाबा, गोळ्यांचा डबा रविवारी भरायचा, सकाळची गोळी चहाच्या आधी. तुमचा पासपोर्ट संपत आलाय, दादाबरोबर जाऊन आत्ताच रिन्यू करा. १७ ला मी इथल्या रात्रभर जागी असेन, आईला आत नेलं की मेसेज, बाहेर आणलं की मेसेज, मधे काही नसलं तरी 'काही नाही' असा मेसेज.

आज वहीत ५५५ वा दिवस लिहिला. बाबा, सगळ्या तारखा वर दिल्याच आहेत, एकदा तुम्ही बेरीज तपासा. सावकाश करा, घाई नाही. माझी कुठे चूक निघाली तर लगेच फोन करा, मी चार वेळा केली, पण निघावी असं फार वाटतंय.

तुमची,
चिंगी

ता. क. आई, न्हाणीघरासमोरचं ते पायपुसणं आजच्या आज उचल. घसरतं ते.