उत्तरार्धाबद्दलही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जादुई वास्तववादावरचा (रोजच्या जगण्यात अद्भुत गोष्टी सहज घडल्यासारख्या सांगणाऱ्या लेखनशैलीवरचा) लेख वाचला. चिलीच्या लेखिका इसाबेल आयेंदे यांच्या ‘द हाउस ऑफ द स्पिरिट्स’ (१९८२) या कादंबरीचं त्यात भरभरून कौतुक आहे, पण ते सगळं पूर्वार्धाचं. आमच्या डेक्कनवरच्या वाचनगटात याच कादंबरीवर चर्चा झाली, तेव्हा बहुतेकांची तक्रार उत्तरार्धाबद्दल होती.

पूर्वार्ध विलक्षणच आहे. हिरव्या केसांची रोझा, तिच्या मृत्यूनंतर नऊ वर्षं अबोल राहिलेली तिची धाकटी बहीण क्लारा, हात न लावता सरकणारं मिठाचं भांडं. अपघातात तुटलेलं आईचं शीर क्लारा शोधून आणते आणि ते टोपीच्या खोक्यात घालून तळघरात ठेवलं जातं! वाड्यातल्या एखाद्या आजीनं तांदूळ निवडता निवडता भुताखेतांची हकिकत सांगावी, इतक्या सहजपणे हे येतं.

क्लारा मरण पावते आणि घरातली जादूच आटते. पुढे निवडणूक, टंचाई, लष्करी उठाव. देशाचं नाव नसलं तरी हा १९७३चा चिली आहे, हे उघड आहे. त्या उठावात उलथवले गेलेले राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे हे लेखिकेच्या वडिलांचे चुलतभाऊ, त्यामुळे ही पानं कळवळून लिहिलेली आहेत. पण क्लाराची नात आल्बा हिचा प्रियकर मिगेल क्रांतिकारकापलीकडे फारसा उरत नाही. शेवटपर्यंत माणूस म्हणून जिवंत राहतो तो क्लाराचा नवरा एस्तेबान त्रुएबा: जुलमी, रागीट, आणि नातीसाठी कासावीस झालेला म्हातारा.

उठावानंतर आल्बाला डांबतात त्या छळाच्या कोठडीत जादू कशी टिकेल, असं गटातल्या काहींचं म्हणणं पडलं. मला ते पटत नाही. त्याच अंधारात क्लारा आल्बाला दिसते, मरण मागू नकोस, लिही असं सांगते. तो प्रसंग उत्तरार्धातला सर्वांत समर्थ आहे. जादू तिथेही पेलते, मग आधीची इतकी पानं ती का नाही?

सर्वांत खटकतो तो उपसंहार. त्रुएबानं आपल्या जमिनीवरच्या पांचा गार्सिया या शेतकरी मुलीवर केलेल्या बलात्काराचा सूड तिचा नातू आल्बावर उगवतो. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं हे वैर आल्बा थोड्याशा पानांत समजून घेते आणि सूडाचा विचार सोडूनही देते. ती तिथवर कशी पोहोचली, हे कादंबरीभर घडताना दिसायला हवं होतं. इथे ते नुसतं सांगितलं जातं.

कुटुंबगाथेत पहिली पिढी रंगवणं त्या मानानं सोपं. खरा कस लागतो नातवंडांपाशी. लेखमालेच्या पुढच्या भागात या उत्तरार्धावरही सविस्तर लिहावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक, पुणे