‘आमची कोल्हापुरी’ म्हणताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या आपल्या अंकात तीन बातम्या होत्या. पहिल्या पानावर विधिमंडळात विनियोजन विधेयक मंजूर, आत एका पतसंस्थेत ठेवींचा अपहार आणि पुरवणीत कोल्हापुरी चपलेच्या ‘सांस्कृतिक चोरी’वर लेख. माझी भाची चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, “मावशी, इंग्रजीत या तिन्हींच्या मुळाशी एकच शब्द आहे, ॲप्रोप्रिएशन. आमच्या वर्गात त्याचा चौथाच अर्थ शिकवतात.” मी ३२ वर्षं कोषागारात देयकं तपासली आणि माझं माहेर कोल्हापूरच्या सुभाषनगरातलं, चपला करणाऱ्यांचं. या शब्दानं मला दोन्हीकडून गाठलं आहे, म्हणून लिहिते.

विनियोजन हा शब्द सामान्य वाचक ओलांडून पुढे जातो. आमचं मात्र सगळं काम त्यावर चालायचं. राज्याच्या एकत्रित निधीतला पैसा कायद्याशिवाय काढता येत नाही, असं राज्यघटनेच्या अनुच्छेद २६६ मध्ये आहे आणि त्यासाठी अनुच्छेद २०४ प्रमाणे विधिमंडळ विनियोजनाचा कायदा करतं. टेबलावर त्याचा अर्थ एवढाच, की पैसा कोणत्या शीर्षातला (म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यातला), कशासाठी, किती आणि कुणाच्या मंजुरीनं, हे कागदावर आल्याशिवाय देयक पुढे सरकत नाही. मंजूर रक्कम एका शीर्षातून दुसऱ्याकडे वळवायची तरी पुनर्विनियोजनाचा आदेश लागतो. कुठून वजा केली आणि कुठं जमा धरली, दोन्ही लिहावं लागतं. ३१ मार्चच्या रात्री शीर्ष चुकलं म्हणून मी देयकं परत पाठवली आहेत. लोक चिडायचे. पण दुसऱ्याचा पैसा उचलायचा तर एवढं लिहिणं भागच होतं.

अपहार याच्या उलट. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ (जुनं ४०३) बघा. तात्पुरता केलेला अपहारही अपहारच, असं तिथं स्पष्टीकरण आहे. दुसरं स्पष्टीकरण मला फार मोलाचं वाटतं. वाटेत सापडलेली वस्तू परत देण्यासाठी उचलली तर गुन्हा नाही. पण मालक ठाऊक असताना, किंवा त्याला शोधण्याची पुरेशी खटपट न करताच ती स्वतःची करून टाकली, तर गुन्हा. हे कलम जंगम मालमत्तेपुरतं आहे, चपलेच्या घडणीला ते लागत नाही, हे मला कळतं. पण ‘मालक शोधलास का?’ हा त्यातला प्रश्न मी चपलेलाही विचारते.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मांडली आणि नुसतं ‘चामड्याची सँडल’ म्हटलं. इथं गदारोळ झाल्यावर भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं त्यांनी मान्य केलं. मुंबई उच्च न्यायालयातली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण याचिका करणारे भौगोलिक मानांकनाचे (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं, त्या नोंदणीचे) नोंदणीकृत मालक नव्हते. ते मानांकन २०१९ मध्ये मिळालं. त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात, आणि मालकी आपलं लिडकॉम व कर्नाटकचं लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांची. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं या दोघांशी करार केला. २,००० जोड इथं बनवायचे, एका जोडाची किंमत साधारण ८०० युरो.

एक गोष्ट आपल्या लेखात सुटली. मानांकन नावाला संरक्षण देतं, घडणीला नाही. आणि डिझाइनच्या कायद्याला नावीन्य लागतं, ते शेकडो वर्षांच्या चपलेत कुठून आणायचं? प्राडानं ‘कोल्हापुरी’ हे नाव लावून चप्पल विकली असती तर कायद्यात अडकले असते. चप्पल घेतली आणि नाव गाळलं, तिथं कायद्याचा हात पोचत नाही. आपल्या बाजारात याच्या नेमकं उलटं चालतं. रेक्झिनचा पट्टा, रबरी तळ आणि पाटीवर ‘अस्सल कोल्हापुरी’. म्हणजे नाव घेतलं आणि चप्पल सोडली. यावर मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

आणि तिसरा प्रकार, ज्यासाठी खरं तर हे पत्र. त्या जूनमध्ये सगळा गाव म्हणत होता, ‘आमची चप्पल चोरली’. आमची म्हणजे कुणाची? हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत चामडं पकवलं ते ढोर समाजानं. तळ कापला, कान बसवले, शिवण घातली ती चांभारांनी. वेणी घातली ती आमच्या घरातल्या बायकांनी. माझी आई चामड्याच्या बारीक पट्ट्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. मग एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून ताण देत वेणी घालायची, सुतळीएवढी बारीक, एकही पेड वर-खाली नाही. तिच्या उजव्या तर्जनीवर अजून खाच आहे.

बाबा डाव्या चपलेच्या पट्ट्याखाली, दिसणार नाहीत असे तीन आडवे टाके घालायचे. ती त्यांची खूण. माल शहरातल्या एका दुकानाला जायचा आणि तिथं त्यावर दुकानाचा शिक्का बसायचा. नोकरीला लागून चार वर्षं झाली असतील. आमचे एक साहेब नवा जोड घालून आले आणि टेबलावर काढून सगळ्यांना दाखवू लागले. “खास त्यांच्या घरचे कारागीर आहेत, असं काम दुसरीकडे होत नाही,” म्हणाले. मी डावी चप्पल हातात घेऊन पट्टा उचलला. तीन टाके होते. मी चप्पल खाली ठेवली आणि गप्प बसले. बोलले असते तर ऑफिसभर जात सांगितल्यासारखं झालं असतं. बाबांना मी हे कधीच सांगितलं नाही. ते गेले त्याला आता ११ वर्षं झाली.

भाचीच्या वर्गातला अर्थ थोडक्यात सांगते. दुसऱ्याची प्रतिमा उचलून तिच्यातून नवं काही म्हणणं, याला कलेत ॲप्रोप्रिएशन म्हणतात, आणि त्यात मोठी कामं झाली आहेत. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकारानं १९१९ मध्ये मोनालिसाच्या छापील चित्राला मिशा काढल्या, तेव्हा मूळ चित्र कुणाचं हे जगाला माहीत होतं. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलची गोष्ट वेगळी. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी काढलेल्या गायक प्रिन्सच्या फोटोवरून त्यानं चित्रं केली. १९८४ मध्ये एका मासिकानं त्या फोटोच्या एकदाच वापराचे ४०० डॉलर बाईंना दिले होते. २०१६ मध्ये त्याच मालिकेतलं दुसरं चित्र मुखपृष्ठासाठी देऊन वॉरहॉलच्या प्रतिष्ठाननं १०,००० डॉलर घेतले, बाईंना ना पैसा ना श्रेय. त्या भांडल्या आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्या वापरापुरता निकाल त्यांच्या बाजूनं लागला. त्यांच्याकडे फोटोवर स्वतःचं नाव होतं. आमच्या बायकांकडे तेच नाही.

म्हणून मला ‘चोरी’ हा एकच शब्द पुरत नाही. इटलीनं किंवा आणखी कुणीही आमची घडण जरूर घ्यावी, मला त्याचा राग नाही. पण कोषागारातल्यासारखी घ्यावी. कुणाकडून घेतली, कशासाठी, किती मोबदल्यात, सगळं कागदावर. महामंडळांनी जोडामागे कापणाऱ्याला किती, शिवणाऱ्याला किती, वेणी घालणारीला किती, हे जाहीर करावं. मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून कारागिरांची नोंद होते, त्यात घरोघरच्या बायका वेगळ्या नावानं याव्यात. आमच्या घरून एका संस्थेकडे अर्ज गेला होता. त्यात कारागीर म्हणून फक्त भावाचं नाव लागलं. वेणी घालणारीसाठी रकानाच नव्हता.

आपल्या बातमीदाराला एकदा सुभाषनगरात पाठवा. ८०० युरोंचा आकडा छापून झाला, आता वेणीची मजुरी छापा, शेजारी घालणारीचं नाव छापा. माझी आई ८१ वर्षांची आहे. सकाळी दहाच्या आत या, नंतर तिला उजेड पुरत नाही.

आपली,
एक निवृत्त लेखा कर्मचारी,
कोल्हापूर