केळीचा भाव एक रुपया क्विंटल!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी रावेरचा, वेबसाईट बनवायचं काम करतो. गावातल्या पोरांसाठी केळीचे रोजचे भाव दाखवणारं एक छोटं पान केलंय, आणि भाव येतात कुठून तर एका व्यापाऱ्याच्या ऑफिसातून सीएसव्ही फाईलमध्ये. परवा सकाळी साडेसहालाच फोन चालू, "काय भो, केळी एक रुपया क्विंटल?" बघतो तर फाईलमध्ये भाव १,८५० असा स्वल्पविराम टाकून लिहिलेला, आणि सीएसव्हीत स्वल्पविराम म्हणजेच रकाना संपला, मग १ एका रकान्यात आणि ८५० शेजारच्या आवक रकान्यात जाऊन बसले! आकडा दुहेरी अवतरणात टाकला असता तर काही झालं नसतं, सीएसव्ही कशी लिहावी हे सांगणाऱ्या २००५ च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात हे सरळ लिहिलंय, पण वाचतं कोण.

दुसरी गंमत एक्सेलची. जळगावचा एसटीडी कोड ०२५७, फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की पुढचं शून्य गायब, उरतं २५७.

जेसन या माहिती पाठवायच्या दुसऱ्या फाईल प्रकारात निदान मजकूर आणि आकडा वेगळा कळतो, आणि २०१७ पासून देवाणघेवाणीला यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धतच लागते, म्हणून "भुसावळ"चं चौकोन-प्रश्नचिन्ह होत नाही. शेवटी एक स्वल्पविराम जास्त राहिला तर अख्खी फाईल वाचायला नकार देतं, तेही बरंच, निदान चुकीचा भाव तरी छापत नाही.

बाजार समित्यांनी भावाच्या कागदाचा फोटो टाकणं बंद करून नीट फाईल द्यावी, एवढंच म्हणणं आहे.

आपला,
एक वाचक, रावेर